उकरायचा वाफा

पहिलीतल्या मुलाच्या हातात पहिलं बी कोणतं द्यावं, याबद्दल माझं मत पक्कं आहे. वालाचं द्यावं. वाल नसेल तर चवळीचं, नाहीतर घेवड्याचं. मेथी, पालक, माठ हे सगळं नंतर. माठाचं बी राईहून बारीक. सहा वर्षांच्या बोटांत ते राहत नाही, चिमटीतून सांडतं आणि कुठे सांडलं ते पोराला स्वतःलाही सांगता येत नाही. वालाचं बी हाताला लागतं. त्याच्या एका कडेला जाड पांढरी रेघ असते, ती दाखवता येते. तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसली की वालाला हवं तेवढंच खोल भोक पडतं, मोजपट्टी लागत नाही. आणि त्या जागेवर बोट ठेवून 'हे माझं' असं म्हणता येतं. लहान मुलांच्या बागेत हे फार महत्त्वाचं असतं.

मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. शाळेच्या मागे, पाण्याच्या टाकीला लागून आमची परसबाग आहे. पोषण आहाराला जोडून आता पुष्कळ शाळांत परसबागा झाल्यात. नव्यानं रुजू झालेले शिक्षक फोन करतात, काय लावायचं, कधी लावायचं विचारतात. मी त्यांना आधी उलटं विचारते, की बाग मुलं करणार आहेत की मुलांसाठी मोठी माणसं? मोठ्यांनी केलेल्या बागेत ओळी सरळ येतात, फोटो छान निघतो आणि पहिलीतलं पोर कुंपणाबाहेर उभं राहून बघत बसतं. मुलांनी केलेली बाग वेडीवाकडी असते, त्यातली निम्मी रोपं पायाखाली जातात, भाजी उशिरा येते. मला दुसरी बाग हवी असते आणि तिची तयारी वेगळी करावी लागते.

या तयारीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे उकरायचा वाफा.

बी पेरलं की दुसऱ्या दिवशी मुलं ते उकरून बघतात. एखाददुसरं नाही, सगळीच. पाठ फिरली की बोट मातीत. आपण लगेच म्हणतो, 'अरे, हात लावू नको, मरेल ते!' मूल हात काढून घेतं आणि जे बघायचं होतं ते बघायचं राहूनच जातं. मातीखाली काय चाललंय हे कळावं म्हणूनच तर आपण त्याला बागेत आणलेलं असतं. म्हणून आमच्याकडे एक वाफा फक्त उकरण्यासाठी ठेवलेला असतो. त्यात वाल, चवळी, हरभरा, मका दाट पेरायचा आणि ज्याला वाटेल त्यानं, वाटेल तेव्हा उकरून बघायचं. बघून झालं की परत पुरायचं किंवा वर्गात आणून कागदावर मांडायचं. बाकीच्या वाफ्यांना हात लावायचा नाही, हा नियम मग मुलं आपसूक पाळतात. कारण त्यांना उकरायला स्वतःची जागा असते.

त्या वाफ्यात काय काय दिसतं! दुसऱ्या दिवशी वाल फुगून टम्म झालेला असतो आणि सालावर सुरकुत्या पडलेल्या असतात. मग साल फाटून पांढरं मूळ बाहेर येतं. हे मूळ बरोबर खालीच जातं. एकदा मुलांना मुद्दाम बिया वेगवेगळ्या तऱ्हेनं पुरायला लावल्या, कुणी आडवी, कुणी उभी, कुणी पांढरी रेघ वर करून. उकरून पाहिलं तर प्रत्येकाचं मूळ वळसा घेऊन खालीच निघालेलं. एका मुलीनं विचारलं, 'बाई, त्याला अंधारात खाली कंचं हे कसं कळलं?' मुळाच्या टोकाला जडपण कळतं, आपल्याला डोळे मिटूनही खाली कुठे ते कळतं ना तसंच, असं मी सांगितलं. लगेच साऱ्या वर्गानं डोळे मिटून, मान वाकडी करून ते करून पाहिलं.

आठवडाभरात वालाची मान वाकवून वर येण्याची वेळ होते. माती वर उचलली जाते, भेग पडते आणि त्या भेगेतून हिरवी कमान दिसते. मग मान सरळ होते आणि पेरलेलं बीच दोन फाकी होऊन वर आलेलं असतं. चवळीचंही तसंच. पण शेजारी हरभऱ्याचा कोंब वर येतो तेव्हा बी वर येत नाही, ते खालीच राहतं. मक्याचंही खालीच. हा फरक मी कधी सांगत नाही. उकरायच्या वाफ्यात तो कुणाला ना कुणाला सापडतोच. मग वाद होतो, 'माझं बी वर आलं, तुझं मेलं!' 'मेलं नाय, खाली हाये, बघ!' हा वाद मी मिटवत नाही, दोघांनाही आणखी एकेक बी उकरायला लावते. दोन फाकी म्हणजे कोंबाची शिदोरी. कुणी ती वर घेऊन येतं, कुणी खाली ठेवून येतं. पानं सुटली की फाका सुकतात, गळतात. काय झालं ते मुलांना विचारलं की ती सांगतात, 'खाऊन टाकलं त्यानं.' अगदी बरोबर उत्तर आहे ते.

पेरणीआधी वाफसा, म्हणजे मातीत पेरण्याजोगी ओल, बघायला शिकवते. मूठभर माती घ्यायची, दाबायची, गोळा करायचा आणि गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा. गोळा फुटला तर वाफसा आहे, पेरा. चिकट गोळा तसाच राहिला तर थांबा. गोळाच होत नसेल तर पाणी द्या. आमच्या मुलांच्या घरी बापाला, आजाला हे करताना त्यांनी पाहिलेलं असतं, फक्त त्यांच्या हाती कुणी माती दिलेली नसते. पावसाळ्यात गादीवाफे करतो, म्हणजे पाणी निथळून जातं. थंडीत सपाट वाफे. रुंदी मात्र मोठ्यांच्या हिशेबानं ठेवू नये. मोठ्यांचा वाफा तीन-चार फुटी असतो. पहिलीतल्या मुलाचा हात फूट-सव्वा फूट पोचतो, म्हणून आमचे वाफे दोन फुटी. जास्त रुंद केला की मूल मधल्या रोपापर्यंत पोचण्यासाठी वाफ्यात पाय देणारच, त्यात त्याचा काही दोष नाही.

पाण्याचंही तेच. लिटरभर पाण्याचं वजन किलोभर. पाच लिटरची झारी पहिलीच्या मुलाला उचलतच नाही, मग ते फरफटत नेतं आणि सगळं पाणी एकाच रोपावर पडतं. पाण्याच्या जुन्या बाटल्यांच्या झाकणांना तापवलेल्या सुईनं भोकं पाडली (हे काम माझं) की प्रत्येकाची झारी तयार. खुरपी लहान आणि बोथट घेते. विळा मुलांच्या हाती नाही. पावसाळ्यात गवत वाढलं की आधी मी काठी घेऊन वाफ्यांभोवती फिरते, मग मुलं. आमच्याकडे घोणस निघते, याबाबतीत ढिलाई करता येत नाही. केसाळ सुरवंटाला हात लावायचा नाही, हेही पहिल्याच दिवशी सांगते. आणि बागेतून आलं की साबणानं हात.

बियाण्याबद्दल एक गोष्ट ठासून सांगायची आहे. दुकानातल्या पाकिटातलं बी बऱ्याचदा गुलाबी, निळं, हिरवं दिसतं, कारण त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. ते विषारी असतं. पहिलीतली मुलं रंगीत गोळी दिसली की तोंडात घालतात. असं बी मी मुलांच्या हाती देत नाही. आमचं बी घरांतून येतं. जूनमध्ये शाळा उघडली की पहिला गृहपाठ तोच, 'आजीला विचार, घरात कंचं कंचं बी ठेवलंय.' दुसऱ्या दिवशी फडक्यांच्या पुरचुंड्या येतात. राखेत घोळवलेला वाल, वेलीवरच वाळवलेला अख्खा दोडका, हलवला की आत बी वाजणारा. शेणात थापून भिंतीला लावलेलं काकडीचं बी एका आजीनं शेणासकट पाठवलं होतं, ते फोडायला साऱ्या वर्गाची झुंबड. वालाचेच किती प्रकार निघतात. पांढरा, तांबडा, काळपट, चपटा, टपोरा. कागदावर वेगवेगळे ढीग करायचे, मोजायचे, दहा-दहाचे गट पाडायचे. पहिलीचं निम्मं गणित त्यातच होतं.

कोंभाळणे गाव आमच्याच तालुक्यातलं. राहीबाई पोपेरे तिथल्या. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बीजमाता म्हणून त्यांचा फोटो आमच्या वर्गात आहे. तो दाखवून मी मुलांना म्हणते, ज्या आजीनं तुझ्या हाती ही पुरचुंडी दिली, तीही हेच काम करते. आज्यांना हे कळलं की त्या शाळेच्या कुंपणाशी येऊन थांबायला लागतात. 'बाई, त्या येलाला मांडव नाय का घालायचा?' अशी चौकशी सुरू होते. एका आजीनं कारल्याचं बी रात्रभर भिजत का घालायचं (साल टणक म्हणून) आणि धने पेरण्याआधी चपलेखाली रगडून दोन फाकी का करायच्या, हे मुलांना इतकं नीट करून दाखवलं, की मी तो तास तिच्या हवाली करून बाजूला बसले.

पालघरकडच्या बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडकांनी खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, त्यात अनुताई वाघ होत्या, पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडला गेलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात तर शाळाच कुरणात न्यायची, ही ताराबाईंची कुरणशाळेची कल्पना. ती मी डी.एड.ला परीक्षेसाठी वाचली होती. बागेत मुलांबरोबर उकिडवं बसून तास घ्यायला लागल्यावर ती मला खरी समजली. मूल जिथे आहे आणि त्याचे हात ज्यात आहेत, तिथे आपण जायचं.

शाळेची बाग आणि शेताचं पंचांग यांचा मेळ बसत नाही, ही मोठी अडचण असते. जूनमध्ये लावलेले दोडके, काकड्या श्रावणात येतात ते ठीक. पण दिवाळीची सुट्टी लागते तेव्हा डांगरं (लाल भोपळे) भरात असतात. एप्रिलअखेर शाळा बंद होते ती थेट जूनच्या मध्याला उघडते, तेवढ्यात सगळं वाळून जातं. म्हणून दिवाळीनंतर मुळा, मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर. मेथी तीन-चार दिवसांत वर येते आणि महिन्याभरात काढायला होते. लहान मुलांच्या धीराला हे परवडतं. मुळा दीड महिन्यात. मुळा उपटण्याइतकं आनंदाचं काम दुसरं नाही, कारण खाली केवढा निघेल ते उपटेपर्यंत कुणालाच माहीत नसतं.

वाल मात्र धीर शिकवतो. जूनमध्ये पेरलेला आमचा गावरान वाल श्रावणात मांडवभर पसरतो, भाद्रपदात हिरवागार असतो आणि फूल एकही नाही. 'बाई, शेंगा कव्हा येतील?' रोज. शेजारच्या चवळीला शेंगा येऊन संपलेल्या असतात. हा वाल दिवस लहान होण्याची वाट बघत असतो. रात्र पुरेशी मोठी झाल्याशिवाय तो फुलत नाही. हे पहिलीच्या मुलांना कसं सांगायचं? आम्ही शाळा सुटताना झेंड्याच्या खांबाची सावली कुठवर जाते तिथे दगड ठेवतो. पंधरा-पंधरा दिवसांनी नवा दगड. दगड लांब लांब जातात. घरी अंधार लवकर पडायला लागला, असं मुलंच सांगू लागतात. मग सुट्टीनंतर येऊन बघतात तर वालाला जांभळे, पांढरे तुरे. खांबाची सावली आणि वालाचं फूल यांचा संबंध त्या वयात पूर्ण कळतो असं मी म्हणणार नाही. पण वाल काहीतरी बघून फुलतो, एवढं त्यांना कळलेलं असतं.

फुलांची वेळ हाही स्वतंत्र धडा आहे. डांगराचं फूल भल्या सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. रोजच्या शाळेला मुलं येतात तोवर मिटायला लागलेलं असतं. म्हणून डांगराचा तास शनिवारी, सकाळच्या शाळेत. दोडक्याचं उलट, ते पिवळं फूल संध्याकाळी उमलतं, शाळा सुटायच्या वेळेला. त्यामुळे दोडक्याचा तास दप्तर पाठीला लावून होतो आणि बाहेर उभे असलेले पालकही त्यात येतात.

डांगराला आधी नुसती नर फुलं येतात. लांब देठाची, मागे काही नाही. ती गळली की मुलं हिरमुसतात. मग एक दिवस ज्याच्या मागे गोटीएवढं डांगर आहे असं फूल दिसतं. शनिवारी सकाळी नर फूल तोडायचं, त्याच्या पाकळ्या काढायच्या आणि मधल्या दांडीवरची पिवळी भुकटी मादी फुलाच्या आत हलकेच टेकवायची. टेकवली की देठाला रंगीत दोरा बांधायचा. झडीच्या दिवसांत मधमाश्या फिरत नाहीत, तेव्हा बिनदोऱ्याच्या गोट्या पिवळ्या पडून गळतात आणि दोऱ्याच्या बहुतेक वाढतात. माझ्या मते पहिली ते चौथीत करण्यासारखा याहून चांगला प्रयोग नाही. त्याला दोऱ्याशिवाय साहित्य काहीच लागत नाही.

किडींच्या बाबतीत मी चार लोकांपेक्षा वेगळी वागते. काकडी-डांगराच्या कोवळ्या पानांवर लाल भुंगेरे येतात आणि पानाची चाळण करतात. त्यावर सकाळी दवात चुलीची राख भुरभुरायची, हे काम मुलांचं. पण चवळीच्या एका वेलावर काळा मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, पडला की मी तो वेल तसाच ठेवते. मुंगळे माव्याकडे ये-जा करतात ते मुलं बघतात, मावा गोड पाणी सोडतो म्हणून ते त्याची राखण करतात हे कळतं. मग ढालकिडे येतात. ढालकिड्याची अळी काळी, काटेरी, नारिंगी ठिपक्यांची. ती दिसली की पहिला विचार चिरडण्याचा. पण तिला मावा खाताना एकदा पाहिलं की मुलं तिची रखवाली करतात. तो वेल जातो बऱ्याचदा. जाऊ दे. किडींसाठी दहा झाडांच्या पानांचा करतात तो दशपर्णी अर्क मी शाळेत करत नाही, त्यात धोतरा, रुई असलं काही बाही पडतं आणि लहान मुलांच्या हाताशी ते नको. कुणी सांगितलं तरी नको.

भाजी शाळेतच शिजली पाहिजे, यावर मी ठाम आहे. घरी वाटून दिली की ती कुणाच्या पानात गेली, मुलांना कळत नाही. पोषण आहारात प्राथमिकच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी धरलेली आहे. दुसरीची मुलं तराजू घेऊन बसतात. दोन मुलांना १०० ग्रॅम, वीस मुलांना एक किलो. आमच्या २८ जणांना १ किलो ४०० ग्रॅम. पालक तोलताना पारडं भरून वाहतं तरी काटा हलत नाही आणि एक मुळा ठेवला की झुकतं. हे बघून मुलं थक्क होतात, 'एवढा पाला आन् एवढाच?' मग तो शिजून आणखी एवढुसा होतो, ते स्वयंपाकाच्या मावशी पातेलं तिरकं करून दाखवतात. मेथी लहान मुलांना कडू लागते, त्यांना ती खायला लावायचा हट्ट मी धरत नाही. मावशी ती डाळीत घालतात, ज्याला हवी तो घेतो. ज्यानं पेरली तो निदान बोट लावून चाखतो.

भांडी विसळलेलं पाणी अळू, केळी आणि शेवग्याला जातं, पालेभाजीला कधीच नाही. शेवगा, कढीपत्ता, अळू ही मंडळी मे महिना काढतात, बाकीचं सगळं एप्रिलपर्यंत संपवायचं. शेवटच्या आठवड्यात वेलीवर वाळलेल्या शेंगा सोलून बी राखेत घालून बाटल्यांत भरतो. चिठ्ठी दुसरीची मुलं लिहितात, वालाचं नाव, कुणाच्या आजीकडून आलं, कोणत्या महिन्यात फुललं. शुद्धलेखन मी दुरुस्त करत नाही.

पुण्यात फ्लॅटमध्ये राहणारी माझी बहीण परवा विचारत होती, तिच्या साडेचार वर्षांच्या लेकीसाठी गॅलरीत काय करता येईल. तिला सांगितलं ते इथेही लिहिते. दोन रिकाम्या बादल्या घे, रंगाच्या नको, खाऊ भरून आलेल्या घे. तळाला बोटभर भोकं पाड. माती, जुनं शेणखत आणि थोडी वाळू भर. एका बादलीत भिजवलेल्या वालाच्या चार बिया, त्यांना हात लावायचा नाही. दुसऱ्या बादलीत मूठभर वाल, हरभरा, चवळी, तिला उकरायला. बी किराणा दुकानातल्या कडधान्यातून घेतलंस तरी चालेल, फक्त साल असलेलं आणि न फुटलेलं घे. चार तास ऊन लागेल तिथे बादल्या ठेव. वेल चढायला खिडकीच्या गजापासून सुतळी बांध. आणि पाणी तिलाच घालू दे, फरशी ओली झाली तरी. बहिणीनं विचारलं, शेंगा कधी येतील? जूनमध्ये गावरान वाल पेरलास तर दिवाळीच्या आगेमागे फुलेल, असं सांगितलं. इतके दिवस ती थांबेल का, असं बहीण म्हणाली. उकरायची बादली रिकामी झाली की परत भर, एवढंच मी तिला म्हटलं.